हरणाऱ्या संघाने जास्त बेस चोरावेत का?

बेसबॉलमधला जुना समज: संघ हरत असेल तर बेस चोरा (म्हणजे फलंदाजाने चेंडू मारण्याची वाट न पाहता धावपटूने पुढचा बेस, धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा, धावत गाठायचा), धावा वाढतील. चोरीचा थरार डोळ्यांसमोर घडतो, म्हणून हे सहज पटतं.

आता हिशेब पाहा. नऊ डावांत संघाला एकूण २७ आउट मिळतात. एकही आउट नसताना पहिल्या बेसवरच्या खेळाडूने दुसरा बेस चोरला, तर अपेक्षित धावा (त्या डावात तिथून पुढे सरासरी होणाऱ्या धावा) साधारण पाव धावेने वाढतात. पकडला गेला, तर तो बेसवरूनही जातो आणि एक आउटही खर्ची पडतो. नुकसान अर्ध्या धावेहून जास्त. म्हणजे दहापैकी सात चोऱ्या साधल्या, तेव्हा कुठे बरोबरी!

तुमच्या संघाच्या यशस्वी चोऱ्यांना एकूण प्रयत्नांनी भागून बघा. उत्तर ७० टक्क्यांखाली असेल, तर प्रयत्न वाढवल्याने धावा बहुधा घटतील. त्याआधी मुळात किती फलंदाज बेसवर पोहोचतात, तेही मोजा.