जुन्या गाडीच्या लायटींचा फॉल्ट

जुन्या चारचाकीचा हेडलाइट मंद पडणं, टेललाइट कधी लागणं कधी न लागणं, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणणं, या सगळ्याला गॅरेजात एकच नाव आहे, लायटीचा फॉल्ट. विदर्भात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास एखादा वायरिंगवाला हमखास असतो आणि बाजाराच्या दिवशी त्याच्यापुढे जीपा, सुमो, ८०० उभ्या दिसतात. अँबेसिडर आणि मारुती ८०० या दोन्हीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण खेड्यात गाडी कंपनीनं बंद केली म्हणून बंद होत नाही, ती चालते तोवर चालते.

बहुतेक लोक पहिले बल्ब बदलतात, मग फ्यूज, मग स्विच, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं "भाऊ, अर्थ पायला का?" खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. गाडीत बॅटरीचा प्लस वायरीनं बल्बपर्यंत येतो पण मायनससाठी सगळीकडे वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच मायनसचं काम करतो, त्याला बॉडी अर्थ म्हणतात. हेडलाइटजवळ मडगार्डच्या आतल्या बाजूला एका बोल्टाखाली अर्थची वायर कसलेली असते, आणि आपल्याकडची काळी माती तिथंच जाऊन चिकटते, पावसाळाभर ओल धरून ठेवते, बोल्ट गंजतो. वरून उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा, त्यात वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. म्हणून इथल्या गाड्यांत अर्थचा फॉल्ट जास्त, असं माझं तरी मत आहे.

अर्थ गेला हे ओळखायच्या काही ठरलेल्या खुणा आहेत. हेडलाइटच्या एच४ बल्बात दोन फिलामेंट म्हणजे पेटणाऱ्या तारा असतात, डिपरची (जवळच्या उजेडाची) ५५ वॉटची आणि अप्परची (लांबच्या उजेडाची) ६० वॉटची, आणि दोघींचा अर्थ एकच. एका बल्बाचा हा अर्थ तुटला की करंट परत जायला वाट शोधतो, डिपरच्या फिलामेंटमधून अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो, तिथून अप्परच्या वायरीनं दुसऱ्या बाजूच्या बल्बात जातो आणि मग कुठं त्याला अर्थ सापडतो. त्यामुळे डिपर लावला तरी एक बाजू मंद पिवळी दिसते आणि मीटरमधला अप्परचा निळा दिवा हलकासा पेटून राहतो. मागच्या लाइटचंही तसंच, ब्रेक दाबला की पार्किंग किंवा इंडिकेटर उजळत असेल तर बल्ब विकत आणू नका, होल्डरचा अर्थ घासा.

तपासायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बल्बाच्या अर्थच्या पिनेला लावायचं. जवळपास शून्य दाखवलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थ खराब. लाइट बंद ठेवून मोजलं तर काहीच कळत नाही कारण करंटच वाहत नसतो, आणि ही चूक मी पण केली आहे, एकदा अख्खी दुपार. आता काही जपानी धाटणीच्या वायरिंगात हेडलाइटला प्लस थेट असतो आणि स्विच मायनसच्या बाजूनं जोडतो, तिथं हा हिशोब बदलतो, म्हणून पहिले वायरिंग कोणत्या पद्धतीचं ते बघून घ्यावं. मल्टिमीटर नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, वायरिंगवाल्याच्या खिशात हेच असतं.

बॅटरी फुल चार्ज असली तर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, गाडी चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. रेस दिली की लाइट वाढतो आणि सोडली की मरतो, तर चार्जिंगकडे बघा. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, मग बल्ब वारंवार उडतात आणि दुकानदाराला शिव्या बसतात.

फ्यूज सारखा उडत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे. पुष्कळ जण तिथं सिगारेटची चांदी गुंडाळतात, आणि मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडायचा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो, मग एकेक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढत जायचं, ज्या कपलरला तो विझला किंवा मंद झाला, शॉर्ट त्या फाट्यावर.

इंडिकेटर भराभर मारायला लागला तर बहुतेक त्या बाजूचा एक बल्ब उडालेला असतो, हे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचं, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीचं. जुन्या पत्तीच्या फ्लॅशरमध्ये उलटं, तो हळू होतो नाहीतर लागूनच राहतो.

डिपरचे दोन बल्ब मिळून ९-१० अँपियर ओढतात आणि कित्येक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, त्यामुळे स्विच गरम होऊन आतून काळा पडतो. उपाय म्हणजे रिले, थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्बाला, ८५ अर्थला, ८६ ला जुन्या स्विचची वायर. अप्पर-डिपरला वेगळे रिले. हे केलं की त्याच बल्बांचा उजेड वाढलेला दिसतो. रिले न लावता १०० वॉटचे बल्ब टाकणारेही आहेत, त्यांचे होल्डर वितळतात आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला रस्ता दिसत नाही.

उंदराचं वेगळंच. कापूस भरलेल्या गोठ्यात गाडी उभी राहिली की उंदरं बोनेटात शिरून वायर कुरतडतात, आणि मग फॉल्ट मीटरनं नाही, टॉर्च घेऊन डोळ्यांनीच शोधावा लागतो, एकेक हात वायर चाचपत. तुटलेली वायर पिळून काळी टेप मारली की उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवलेला जोड टिकतो.