मिसिसिपी स्टेटचा १९६२-६३ चा बास्केटबॉल हंगाम : पार्श्वभूमी

मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १९६२-६३ च्या हंगामात २२ सामने जिंकले, ६ गमावले, साउथईस्टर्न कॉन्फरन्स या आग्नेय अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडागटाचे विजेतेपद मिळवले आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विभागीय फेरीत शिकागोच्या लोयोला विद्यापीठाकडून ६१-५१ अशी हार पत्करली. नुसते आकडे पाहिले तर १९५८-५९ आणि १९६१-६२ या दोन हंगामांत याच विद्यापीठाच्या संघांनी याहून सरस कामगिरी केली होती; त्या दोन्ही वर्षी २५ पैकी २४ सामने त्यांनी जिंकले होते. तरीही आज आठवण निघते ती १९६३ ची, कारण त्या वर्षी हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला गेला आणि त्याआधी तीन वेळा पात्र ठरूनही त्याला जाऊ दिले गेले नव्हते.

न जाण्यामागचे कारण खेळाचे नव्हते. मिसिसिपीतील सरकारी महाविद्यालयांचे संघ तेव्हा पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंचे असत आणि ज्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू आहे त्याच्याविरुद्ध त्यांनी मैदानात उतरू नये, असा दंडक होता. विधिमंडळाने तसा कायदा कधीच संमत केला नव्हता. डिसेंबर १९५५ मध्ये राज्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाचा फुटबॉल संघ कॅलिफोर्नियात जाऊन कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळला. त्यावर राज्यात गदारोळ उठला आणि अशा संस्थांचे अनुदान तोडण्याची भाषा आमदार करू लागले. तेवढी धमकी पुरेशी ठरली. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मिसिसिपी स्टेटचा बास्केटबॉल संघ इंडियानातील एव्हान्सव्हिलच्या स्पर्धेत पहिला सामना जिंकून अंतिम सामन्याच्या तयारीत असताना, आधीच्या आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्यांकडे कृष्णवर्णीय खेळाडू असल्याचे विद्यापीठाला कळले आणि संघाला तातडीने माघारी बोलावण्यात आले.

खरी किंमत मोजावी लागली ती १९५९ पासून. त्या काळी प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाई, त्यामुळे विजेत्याने नकार दिला की ती जागा दुसऱ्याकडे जात असे. १९५९, १९६१ आणि १९६२ अशा तिन्ही वर्षी ती केंटकीला मिळाली. केंटकीचा संघही तेव्हा पूर्ण गोराच होता, परंतु मिश्र संघांशी खेळायला त्याची ना नव्हती. १९५९ च्या मिसिसिपी स्टेट संघातील सर्वोत्तम खेळाडूने पुढे बॉस्टनच्या व्यावसायिक संघाबरोबर दोन अजिंक्यपदे मिळवली, पण महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. या दंडकाने सर्वांत मोठा अन्याय केला तो अर्थातच ज्यांना त्या विद्यापीठाची पायरीही चढू दिली जात नव्हती त्या कृष्णवर्णीय तरुणांवर, आणि गोऱ्या खेळाडूंच्या हुकलेल्या संधीविषयी लिहिताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१९६३ चा निर्णय कोणत्या हवेत घेतला गेला, हेही ध्यानात घ्यायला हवे. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री, त्याच राज्यातील ऑक्सफर्ड येथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात दंगल पेटली होती. दोघांचा बळी गेला आणि केंद्र सरकारला सैन्य धाडावे लागले. राज्यपालांनी तो प्रवेश रोखण्यासाठी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली होती. अशा वेळी त्याच राज्यातील स्टार्कव्हिल येथील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या अध्यक्षांनी २ मार्च १९६३ रोजी जाहीर केले की, सक्षम अधिकाऱ्यांनी अडवले नाही तर आमचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळेल.

हे अध्यक्ष १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातून आले होते. १९६१ आणि १९६२ चे नकार त्यांच्याच कारकिर्दीत दिले गेले होते, त्यामुळे त्यांना पहिल्यापासूनचा सुधारक म्हणून रंगवणे बरोबर नाही. १९६३ मध्ये फरक पडला तो दडपणाचा. संघातील अनुभवी खेळाडू शेवटच्या वर्षात होते, सलग तिसऱ्या वर्षी विजेतेपद हाती येऊनही घरी बसायची वेळ त्यांच्यावर येणार होती, प्रशिक्षकांनी ही खंत उघडपणे बोलून दाखवली होती आणि विद्यार्थी व माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने संघाला पाठवा म्हणत होते. त्यांतील बहुतेकांना वर्णभेद संपवायचा नव्हता. त्यांना आपला संघ जिंकताना पाहायचा होता. ज्या समाजाने इतर बाबतींत तसूभरही माघार घेतली नव्हती त्याने खेळाच्या हौसेपोटी ही एक गाठ सैल केली, हे मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे सत्य वाटते आणि नंतरच्या गौरवपर कथनांत नेमके तेच मागे पडते.

दुसरी मागे पडणारी गोष्ट म्हणजे ९ मार्चची बैठक. मिसिसिपीतील सरकारी उच्च शिक्षण संस्थांचा कारभार एकाच नियामक मंडळाकडे होता. अध्यक्षांच्या घोषणेनंतर आठवडाभर राज्यातील वृत्तपत्रांतून वादाचा धुरळा उडाला. राजधानी जॅक्सनमधील एका दैनिकाने तर लोयोलाच्या संघाचे छायाचित्र छापले, ज्यात सुरुवातीच्या पाचांपैकी चार खेळाडू कृष्णवर्णीय असल्याचे सहज दिसत होते, आणि ते कापून मंडळाच्या सदस्यांना पाठवावे असे वाचकांना सुचवले. मंडळाने मत घेतले तेव्हा मात्र कौल ८ विरुद्ध ३ असा संघाला जाऊ देण्याच्या बाजूने पडला. ऑक्सफर्डच्या दंगलीच्या वेळी याच मंडळाची राज्य सरकार आणि केंद्रीय न्यायालय यांच्या कात्रीत फरफट झाली होती आणि राज्यातील विद्यापीठांची मान्यता धोक्यात आली होती. विद्यापीठांच्या कारभारात राजकारण्यांचा हात आणखी शिरू न देण्याची इच्छा या मतदानामागे होती, असे मानायला जागा आहे. राज्यपालांनी नापसंती नोंदवली, पण त्यापुढे पाऊल टाकले नाही. दंडक मोडला तो या बैठकीत.

पुढे जे घडले ते अधिक नाट्यमय असल्यामुळे लोकांच्या लक्षात राहिले. १३ मार्चला एका विद्यमान आणि एका माजी राज्य सिनेटरने जॅक्सनच्या न्यायालयातून संघाला राज्याबाहेर नेण्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. मिश्र संघाशी खेळणे हे राज्याच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हुकूम बजावला गेल्याशिवाय बंधनकारक होत नव्हता, म्हणून तो ज्यांच्यावर बजावायचा तेच जागेवर सापडू नयेत अशी व्यवस्था करण्यात आली. अध्यक्ष ठरलेल्या भाषणासाठी अलाबामातील बर्मिंगहॅमकडे निघून गेले. प्रशिक्षक आणि क्रीडा विभागाचे प्रमुख रात्रीच मोटारीने राज्याची हद्द ओलांडून मेम्फिसला आणि तिथून विमानाने नॅशव्हिलला पोहोचले. हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विद्यापीठात त्यांच्यापैकी कोणी भेटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काही राखीव खेळाडूंना आधी विमानतळावर पाठवून अडवायला कोणी आले आहे का, याचा अंदाज घेण्यात आला आणि वाट मोकळी असल्याचे कळल्यावर मुख्य खेळाडू विमानात बसले. नॅशव्हिलला प्रशिक्षक त्यांना येऊन मिळाले. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मनाई हुकूम स्थगित केला, त्यामुळे या संघाने न्यायालयाचा अवमान केला असे जे अधूनमधून लिहिले जाते त्यात तथ्य नाही.

सामना १५ मार्चला मिशिगनमधील ईस्ट लॅन्सिंग येथे झाला. लोयोलाही तिथवर सहजासहजी पोहोचला नव्हता. त्याच्या खेळाडूंना त्या काळात धमकीची आणि शिवीगाळीची पत्रे येत होती, त्यांतली काही थेट वसतिगृहाच्या पत्त्यावर. आदल्या फेरीत त्यांनी टेनेसी टेकला १११-४२ असे हरवले होते आणि ६९ गुणांचे ते अंतर या स्पर्धेतील विक्रम ठरले. नाणेफेकीऐवजी चेंडू उडवून सुरू होणाऱ्या या खेळात दोन्ही कर्णधार आधी मध्यवर्तुळात हस्तांदोलन करतात. एक गोरा, मिसिसिपी स्टेटचा; एक कृष्णवर्णीय, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, लोयोलाचा. हात पुढे झाले आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा एकदम लखलखाट झाला. लोयोलाच्या कर्णधाराने नंतर अनेकदा सांगितले की, हा केवळ एक सामना नाही याची जाणीव त्याला त्या लखलखाटात झाली.

मिसिसिपी स्टेटने चेंडू हातात खेळवत, संयमाने ७-० अशी आघाडी घेतली, पण मध्यंतराला लोयोला २६-१९ असा पुढे होता. उत्तरार्धात स्टेटचा सर्वांत भरवशाचा खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि सामना निसटला. मैदानावर कुठलीही आगळीक झाली नाही. दुसऱ्या दिवशी स्टेटने बोलिंग ग्रीनला ६५-६० असे नमवून विभागात तिसरे स्थान मिळवले, आणि लोयोलाने पुढे २३ मार्चला लुईव्हिल येथे आधीच्या सलग दोन वर्षांच्या विजेत्या सिनसिनाटीला जादा वेळेत ६०-५८ असे हरवून अजिंक्यपद पटकावले. त्या अंतिम सामन्यात पंधरा गुणांनी मागे पडूनही लोयोलाने एकही खेळाडू बदलला नाही; पाचही जण पूर्ण ४५ मिनिटे खेळले.

या हंगामाने मिसिसिपी स्टेट रातोरात बदलले, असा समज नंतरच्या वर्षांत रूढ झाला आहे. घटनाक्रम त्याला दुजोरा देत नाही. विद्यापीठाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९६५ मध्ये. टेक्सास वेस्टर्न महाविद्यालयाने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवून केंटकीला अंतिम सामन्यात हरवले ते १९६६ मध्ये, आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू १९६७-६८ च्या हंगामात व्हँडरबिल्टकडून खेळला. मिसिसिपी स्टेटच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९७१-७२ चा हंगाम उजाडावा लागला, म्हणजे ज्या संघाने मिश्र संघाशी न खेळण्याचा दंडक मोडला त्याला स्वतः मिश्र व्हायला आणखी आठ वर्षे लागली.

अलीकडे या सामन्याची आठवण मोठ्या प्रमाणावर जागवली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये पन्नासाव्या वर्षानिमित्त दोन्ही विद्यापीठांचे संघ शिकागोत लोयोलाच्या मैदानावर पुन्हा भेटले आणि या वेळीही लोयोलानेच ५९-५१ असा विजय मिळवला. २०१३ मध्ये लोयोलाच्या जुन्या खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावण्यात आले. दोन्ही कर्णधारांचे उतारवयात स्नेहाचे नाते जुळले होते. मिसिसिपीच्या कर्णधाराचे २०११ मध्ये निधन झाले तेव्हा लोयोलाचा कर्णधार त्याच्या अंत्यविधीला हजर राहिला. मिसिसिपी स्टेटला मात्र १९६३ नंतर राष्ट्रीय स्पर्धेत परतायला तब्बल २८ वर्षे लागली आणि १९९१ पर्यंत त्या विद्यापीठाच्या खात्यावर या स्पर्धेतील दोनच सामने होते : लोयोलाविरुद्धचा आणि बोलिंग ग्रीनविरुद्धचा.