क्यूब बदलून घ्यायला येण्याआधी हे वाचा

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या काउंटरवर रुबिक्स क्यूबबद्दल एक तक्रार हमखास येते: "हा क्यूब खराब निघाला, सुटतच नाही, बदलून द्या." मुलाला विचारलं तर कळतं, पिवळ्या क्रॉसपर्यंत (पिवळ्या बाजूवरच्या अधिकच्या चिन्हापर्यंत) सगळं जमलं होतं. शेवटचे कोपरे फिरवायला घेतले आणि खालचे झालेले थरही विस्कटले. हे पत्रक त्या शेवटच्या पायरीसाठी आहे. आधीच्या पायऱ्या डब्यातल्या कागदावर आहेत, त्या तुम्हाला येतात असं धरून चालतो.

आधी एक गैरसमज दूर करू. "लहान भावाने फारच फिरवलाय, म्हणून आता सुटत नाही," असं काहीजण सांगतात. तसं होत नाही. ३×३ क्यूबच्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० वेगवेगळ्या स्थिती होतात आणि त्यातली कुठलीही जास्तीत जास्त २० चालींत सोडवता येते. हे २०१० साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं आहे. आपल्या पद्धतीत चाली याहून बऱ्याच जास्त लागतात, पण क्यूब नुसता फिरवून कायमचा बिघडत नाही एवढं पक्कं समजा.

आता शेवटची पायरी. पिवळा क्रॉस झाला, त्याच्या कडा (दोन रंगांचे तुकडे) बाजूच्या सेंटरशी, म्हणजे मधल्या तुकड्याशी, जुळल्या, चारही पिवळे कोपरे आपापल्या जागी आले. फक्त काही कोपऱ्यांचा पिवळा रंग वर नसून बाजूला आहे. पिवळी बाजू वर धरा. वळलेला एक कोपरा समोर उजवीकडे येईल असा क्यूब धरा आणि या चार चाली करा: उजवा थर खाली, तळाचा थर डावीकडे, उजवा थर वर, तळाचा थर उजवीकडे. ही झाली एक फेरी. त्या कोपऱ्याचा पिवळा रंग वर येईपर्यंत अशा फेऱ्या करायच्या. दोन लागतील किंवा चार.

इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. चूक पुढच्या कोपऱ्याकडे जाताना होते, आणि जवळजवळ प्रत्येकाची एकच असते: अख्खा क्यूब हातात फिरवला जातो. तसं करायचं नाही. क्यूब जसा धरलाय तसाच राहू द्या, समोरची बाजू तीच राहू द्या, आणि फक्त वरचा थर फिरवून पुढचा वळलेला कोपरा त्याच समोरच्या उजव्या जागेवर आणा. मग पुन्हा त्याच चार चाली. कारण असं की पहिला कोपरा बसतो तेव्हा खालचे थर मुद्दाम विस्कटलेले असतात आणि पुढच्या कोपऱ्यांच्या फेऱ्या त्यांना त्याच वाटेने परत आणतात. मध्येच क्यूब वळवला की त्या फेऱ्या भलत्याच तुकड्यांवर चालतात आणि परतीची वाट मोडते.

दुसरी चूक हिच्याच जोडीची. तिसऱ्या चालीला पिवळा वर आलेला दिसतो आणि आनंदात चौथी चाल राहून जाते. तळाचा थर उजवीकडे नेणारी ती चाल कोपऱ्याला हातही लावत नाही, म्हणून ती फुकटची वाटते. पण ती राहिली तर खालचं गणित शेवटपर्यंत जमत नाही. फेरी मोठ्याने म्हणत करा: खाली, डावीकडे, वर, उजवीकडे. आमच्या रविवारच्या वर्गात मुलांना आम्ही असंच म्हणायला लावतो आणि ही चूक तिथेच थांबते.

खाली सगळं उधळलेलं दिसलं तरी घाबरून थांबू नका. शेवटचा कोपरा बसेल तेव्हा खालचे थर आपोआप जुळलेले असतील; फार तर वरचा थर थोडा फिरवावा लागेल. फेऱ्या मोजल्यात तर त्यांची बेरीज ६ किंवा १२ येते. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

खरा त्रास सुरू होतो तो यानंतर. दोन-तीनदा फसलं की कुणीतरी घरात स्क्रू-ड्रायव्हर शोधतं, कोपरा उचकटतं, सगळे तुकडे काढतं आणि रंग बघून परत बसवतं. क्यूब दिसायला पूर्ववत होतो. पण आधीच विस्कटलेला क्यूब उघडून तुकडे कसेही बसवले, तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक. कोपरे तीन प्रकारे चुकू शकतात, कडा दोन प्रकारे आणि तुकड्यांची अदलाबदल दोन प्रकारे, गुणाकार बारा. म्हणून उघडलाच तर पूर्ण सुटलेल्या स्थितीतच जोडा.

तुमचा क्यूब खरंच अडलाय का, हे घरी तपासता येतं. चारपैकी तीन पिवळे कोपरे बरोबर आणि एकच वळलेला असेल, किंवा फेऱ्यांची बेरीज ६ किंवा १२ येत नसेल, तर एक कोपरा जागेवरच मुरडला गेलाय. खालचे दोन थर पूर्ण असताना वर पिवळ्या कडा एक किंवा तीन दिसल्या, तर कुणीतरी कड उलटी बसवली आहे. एकाच तुकड्यावर पांढरा आणि पिवळा दोन्ही असतील तर स्टिकर काढून चिकटवले आहेत, कारण आपल्या क्यूबमध्ये हे रंग समोरासमोरच्या बाजूंवर असतात.

कोपरा मात्र न उघडताही मुरडतो. मॅग्नेटवाले मऊ क्यूब हल्ली इतके सैल चालतात की थर पूर्ण जुळायच्या आधी पुढची चाल जोरात केली, किंवा क्यूब फरशीवर पडला, तरी हे होतं. अशा वेळी तो एकच कोपरा बोटांनी जागच्या जागी वळवून द्या. स्क्रूला हात लावायची गरज नाही.

म्हणूनच आम्ही क्यूब लगेच बदलून देत नाही. आधी तुमच्यासमोर सोडवून बघतो. काहींना हे टाळाटाळ वाटते, पण चांगला क्यूब परत घेऊन दुसरा दिला तर तोही आठवड्यात याच पायरीवर अडतो. कोपरा किंवा कड सरळ करून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. स्प्रिंग तुटली किंवा साचा फुटला असेल, तर बदली देतो आणि कारण विचारत बसत नाही.

क्यूब जड चालत असेल तर खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरतं. सिलिकॉनचं ल्यूब (वंगण) दोन थेंब पुरतं. दुकानात छोटी बाटली मिळते. नवशिक्यांनी महागडा क्यूब घेऊच नये असं आमचं मत आहे. स्टिकर नसलेला साधा क्यूब घ्या, वेग वाढला की मग मॅग्नेटवाला बघू.

४×४ घेतलेल्यांसाठी वेगळी सूचना. त्यात शेवटी कडेची एकच जोडी उलटी राहिली किंवा दोनच जोड्यांची अदलाबदल दिसली, तर तो बिघाड नाही. त्याला पॅरिटी म्हणतात, त्याच्या चाली वेगळ्या आहेत आणि त्यांचा छापील कागद काउंटरवर मागितला की मिळतो.

दुकानात क्यूब आणताना आहे त्याच अवस्थेत आणा. उघडला असेल तर आठ कोपरे, बारा कडा आणि मधला गाभा एका पिशवीत घालून आणा. एखादा तुकडा हरवला असेल तर त्याच मॉडेलचा सुटा तुकडा लागतो, म्हणून डबाही सोबत ठेवा.