"जड काय उचललं होतंस?"

नाशिकच्या दिंडोरी रोडवरचं सोनोग्राफी सेंटर. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बाकावर बसलेली सून. आठवा आठवडा सरला तरी ठोके नाहीत, असं नुकतंच कळलेलं. सासूचा पहिला प्रश्न वरचाच. "नाही हो आई, कॅरेट रिकामं होतं," सून म्हणाली. कॅरेट म्हणजे बागेतली प्लॅस्टिकची पेटी.

प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला घातक गोष्टींची यादी आहे. वेड्यावाकड्या किंवा कठीण आसनावर बसणं, अतिश्रम, असं बरंच काही. पण त्याच शारीरस्थानात बीजातल्या दोषाचीही चर्चा आहे. घराघरांत यादी तेवढी उरली, बीज विसरलं गेलं. (पपई त्या यादीत असणं शक्यच नव्हतं. ती मूळची अमेरिकेची, आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या काळात.)

सुश्रुताने तर शब्दही वेगळे ठेवले होते: चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात. आज आपण आपोआप गेलेल्यालाही गर्भपात म्हणतो आणि १९७१ च्या कायद्याने डॉक्टरांकडून करून घेतलेल्यालाही. 'पडला' आणि 'पाडला' यांत एका कान्याचा फरक. फाइलवर तो शब्द वाचून नातेवाइकांच्या भुवया उगाच वर जातात.

विसरलेलं बीज परत आलं ते सूक्ष्मदर्शकातून. माणसाची गुणसूत्रं ४६, हे १९५६ मध्ये पक्कं झालं. पुढच्या दोन दशकांत पडलेल्या गर्भांच्या पेशी तपासल्या गेल्या. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भस्रावांत गुणसूत्रांचाच हिशोब चुकलेला असतो, एखादं जास्त, एखादं कमी. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळी योगायोगाने होते. म्हणजे कॅरेट उचलायच्या कितीतरी आधी. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणींच्या वाट्याला हे येतं, बहुतेकींना पहिल्या बारा आठवड्यांतच. १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांची रोजची लघवी तपासली, तेव्हा ३१ टक्के गर्भ गळालेले आढळले. त्यातले बरेचसे तर त्या बाईला पत्ता लागण्याआधीच.

डॉक्टरही 'काहीतरी करा'च्या आग्रहातून सुटले नाहीत. १९४० च्या दशकात अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून डीईएस नावाचं कृत्रिम संप्रेरक सर्रास दिलं जाई. त्याचा उपयोग नाही, हे १९५३ च्या चाचणीने दाखवलं, तरी ते देणं चालूच राहिलं. १९७१ मध्ये त्या बायकांच्या मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कुठे डोळे उघडले. पडून राहिल्याने गर्भ वाचतो याला आधार नाही, तरी तो सल्ला अजून मिळतो.

गर्भाच्या सोनोग्राफीची सुरुवात १९५८ च्या सुमाराची, ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांची. आधी रक्तस्रावच बातमी आणायचा. आता अंगावर काही जाण्यापूर्वीच पडद्यावरचं स्थिर चित्र ती सांगतं.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या बाईला ती मागता येते. पेठ-सुरगाण्याहून टोळीने द्राक्षबागांत येणारीला ती मागायची कुणाकडे? आणि ही सून तर घरच्याच बागेत राबणारी. तिने आत जाऊन डॉक्टरांना एवढंच विचारलं, थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) चालू आहे, बागेत कधीपासून जाऊ?