गुलाबी न झालेला कोपरा

"मामा, जरा बाजूला हो," म्हणत भाचीने तुळईचा कोपरा छिन्नीने टवकला. धूळ फुंकून तिने उघड्या पडलेल्या काँक्रीटवर बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण फवारलं. बघता बघता आतला भाग कोकम सरबतासारखा गुलाबी झाला. बाहेरचा दोन बोटांचा पट्टा मात्र होता तसाच राखाडी राहिला. सळई नेमकी त्या राखाडी पट्ट्यात होती.

हा वसईतल्या आमच्या चर्चचा हॉल. (जुनी माणसं अजून चर्चला देऊळच म्हणतात.) स्लॅबचे पोपडे खुर्च्यांवर पडायला लागले, तेव्हा धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या, एका चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांच्या) बैठकीत एकमताने निकाल लागला: कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं. खाल्लंही असेल. पण सिव्हिल इंजिनिअर असलेल्या भाचीला सिमेंटपेक्षा त्या पट्ट्याची काळजी जास्त वाटत होती.

बाटलीत होतं फिनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या प्रयोगशाळेतलं ओळखीचं. अल्कली भेटली की ते गुलाबी होतं. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. अशा वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि सळई गंजत नाही. सळईला जपतं ते हे रसायन. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या आसपास उतरतो. असा भाग मग गुलाबी होत नाही, आणि सळईवरचा थर टिकत नाही. पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आपण ज्याला पोपडा म्हणतो तो या ढकलण्याचा शेवट.

गंमत अशी, की वसईच्या किल्ल्यातल्या चर्चांच्या भिंती याच वायूमुळे घट्ट झाल्या. दगडांमधला चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पुढे छपरं गेली, झाडं उगवली, तरी त्या भिंती उभ्या आहेत. दगड आणि चुन्याच्या भिंतीत गंजायला सळईच नाही. आमच्या हॉलच्या काँक्रीटचंही या वायूने तसं काही बिघडवलं नव्हतं. नुकसान झालं ते सळईचं.

विसाव्या शतकात चर्च बांधणारे काँक्रीटच्या प्रेमात पडले, आणि मला त्यांचा राग येत नाही. पॅरिसच्या पूर्वेला ल रँसी नावाच्या गावी ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदाने आपल्या भावासोबत १९२२-२३ मध्ये धर्मग्रामाचं चर्च उभारलं. गाठीशी पैसे थोडे होते, म्हणून दगडाऐवजी काँक्रीट. खांब सुमारे ११ मीटर उंच, पण बुंध्याशी जेमतेम ४३ सेंटिमीटर जाड आणि वर आणखी निमुळते. भिंती भार घेतच नाहीत. त्या म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटची जाळी आणि जाळीत रंगीत काचा. आपल्याकडे जिन्याला आणि पडवीला सिमेंटची जाळी बसवतात ना, तिची ही थोरली बहीण. वर गिलावा नाही, काँक्रीट उघडंच. दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची वास्तू १९७० च्या दशकातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. तिथेही छपराला काँक्रीटची कवचं आहेत.

रँसीचं छत मधे फक्त ५ सेंटिमीटर जाड आहे. हा आकडा ऐकून भाची हसली. सळईपासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतच्या थराला बांधकामावर 'कव्हर' म्हणतात. आपल्या २००० सालच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर कव्हर लागतं, लाटांचे तुषार उडत असतील तर ५०. म्हणजे रँसीचं अख्खं छत आपल्याकडे नुसत्या एका बाजूच्या कव्हरमध्ये संपलं असतं. ते चर्च १९६६ पासून फ्रान्सचं संरक्षित स्मारक आहे, आणि समुद्रापासून लांब असूनही तिथल्या सळया गंजल्या, काँक्रीट फुटलं, दुरुस्त्या कराव्या लागल्या.

कव्हरचा हिशोबही सरळ नाही. वायूला पहिला सेंटिमीटर ओलांडायला दहा वर्षं लागली, तर दुसरा ओलांडायला साधारण आणखी तीस लागतात. त्यामुळे मेस्त्रीने कव्हर निम्मं केलं की सळईचं संरक्षण निम्म्यावर नाही, पाव हिश्श्यावर येतं. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी (म्हणजे कव्हरचं अंतर राखणाऱ्या ठोकळ्याऐवजी) हाताला लागेल ती खडी सरकवायची, ही आपल्याकडची जुनी सवय इथे महागात पडते.

कोकणात भर म्हणजे खारा वारा. मिठातले क्लोराइड आयन सामू उतरायची वाटही बघत नाहीत. काँक्रीट गुलाबी असतानाच ते सळईवरचा थर जागोजागी भेदतात आणि तेवढ्याच ठिकाणी खोल खड्डा पाडतात. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. पावसाळ्यात काँक्रीट भिजतं, दसऱ्यानंतर सुकत जातं. सुकलेल्या छिद्रांतून हवा शिरते, पुढच्या पावसात गंजाला पाणी मिळतं. हे चक्र दरवर्षी फिरतं. मीठ किती मुरलंय ते फिनॉल्फ्थॅलीन सांगत नाही, म्हणून भाचीने ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून पुड्या बांधल्या, प्रयोगशाळेत पाठवायला.

आमच्या हॉलला मार्ग सोपा आहे: पोकळ भाग फोडायचा, सळई घासायची, झिजली असेल तर जोड द्यायची, नवं काँक्रीट भरायचं आणि वरून गिलावा मारायचा. रँसीला हे कसं चालेल? तिथे उघडं काँक्रीट हाच चर्चचा चेहरा. ठिगळ लावायचं तर मूळची वाळू, खडी, रंग, अगदी साच्याच्या फळ्यांचे ठसेसुद्धा जुळवावे लागतात. फोडाफोड टाळण्यासाठी सळईला हलका विद्युतप्रवाह देऊन भोवतालची अल्कली परत आणण्याची पद्धतही आहे, पण ती खर्चिक.

संध्याकाळपर्यंत भाची शिडीवर चढून तुळया हातोडीने वाजवत होती. आवाज ठणठणीत आला की पुढे, बद्द आला की खडूचं वर्तुळ. मी खालून मोजली, अकरा वर्तुळं. नऊ पश्चिमेच्या बाजूला, जिकडून समुद्राचा वारा येतो.