बनवतो तोच आणि खातोही तोच: ई. कोलायकडून प्रोटीन करून घेण्यामागची पार्श्वभूमी

म्हापशाला आमच्या घरी फ्रिजच्या दारात आजोबांची इन्सुलिनची बाटली असायची आणि काचेची सिरिंज आई रोज सकाळी स्टीलच्या डब्यात उकळायची, ते इन्सुलिन तेव्हा डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं पण घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. आता मेडिकलमधून ह्युमन इन्सुलिन आणलं तर बाटलीवर बारीक अक्षरात 'आरडीएनए ओरिजिन' लिहिलेलं असतं, म्हणजे डीएनए कापून-जोडून जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त निघालं, म्हणजे त्या दोन शब्दांचा संबंध इथल्या किती घरांशी येतो बघा.

टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्यानंतर साठ वर्षं सगळी भिस्त कत्तलखान्यावर होती. थोड्याशा इन्सुलिनला टनावारी स्वादुपिंडं लागायची, शिवाय जनावराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा किंचित वेगळं, काहींना ॲलर्जी यायची. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली, एक साखळी २१ अमिनो ॲसिडची, दुसरी ३०ची, त्यामुळे नेमकं काय बनवायचंय ते तरी कळलं.

पण बनवणार कोण? १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्लास्मिड, म्हणजे जिवाणूतला डीएनएचा छोटा गोल तुकडा, एन्झाइमने कापून त्यात बाहेरचा डीएनए जोडला आणि तो परत ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूमध्ये घातला. जिवाणू वाढला तसा तो तुकडाही वाढत गेला. ई. कोलाय घेतला कारण त्याचं जेनेटिक्स सगळ्यात जास्त माहीत होतं, आणि ३७ डिग्रीला चांगलं खाद्य मिळालं तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. असे बदललेले जिवाणू बाहेर पडले तर, ही भीतीही होती, १९७५ ला कॅलिफोर्नियात असिलोमारला शास्त्रज्ञांनी एकत्र बसून स्वतःवरच नियम घालून घेतले, ते मला आजही फार मोठं वाटतं.

माझ्या मते खरी गोष्ट १९७७ ची. इताकुरा, रिग्ज, बॉयर या मंडळींनी सोमॅटोस्टॅटिन नावाचं फक्त १४ अमिनो ॲसिडचं हार्मोन घेतलं, त्याचं जीन केमिकली बनवलं, जिवाणूत घातलं आणि पहिल्या खेपेला हाती काहीच लागलं नाही. जीन जागेवर, वाचलंही जात असावं, पण हार्मोनचा पत्ता नाही! जिवाणूच्या आत प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात आणि असला परका, लहानसा तुकडा ती टिकू देत नाहीत. मग त्यांनी ते जीन बीटा-गॅलॅक्टोसिडेज या जिवाणूच्याच भल्यामोठ्या प्रोटीनच्या शेपटीला जोडलं आणि मधे एक मेथिओनिन ठेवलं. एवढ्या मोठ्या प्रोटीनच्या आडोशाला हार्मोन वाचलं, नंतर सायनोजेन ब्रोमाइड घातलं की ते मेथिओनिनपाशी कापतं आणि हार्मोन सुटं होतं. सोमॅटोस्टॅटिनमध्ये स्वतःचं मेथिओनिन नाहीच, म्हणून ते मधे कापलं जात नाही. इन्सुलिनमध्येही नाही. म्हणून १९७८ मध्ये हीच युक्ती परत वापरून दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवल्या, बाहेर काढून जोडल्या, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत ह्युम्युलिनला मंजुरी मिळाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली. इन्सुलिनचं प्रोटीन ढीगभर बनवणाऱ्या जिवाणूंच्या पोटात घट्ट गोळे साचत होते, इन्क्लुजन बॉडी. गोळ्यात असेपर्यंत प्रोटीन बऱ्यापैकी वाचतं पण त्याची घडी चुकलेली असते, मग ते युरियात विरघळवून परत नीट घडी घालायला लावायची, हे काम भारी कटकटीचं.

१९८६ मध्ये स्टडियर आणि मोफॅट यांनी टी७ विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे जीन वाचणारं एन्झाइम, वापरायची पद्धत दिली, त्यातूनच ई. कोलायचा बीएल२१(डीई३) हा वाण आला. त्याच्यात लॉन आणि ओम्पटी हे दोन प्रोटीन तोडणारे एन्झाइम मुळातच नाहीत, म्हणजे १९७७ ला जी अडचण आडोसा करून टाळली होती तिच्यावर इथे जरा मुळातूनच उपाय झाला.

सगळंच काही ई. कोलायवर राहिलं नाही हेही सांगायला हवं. डेन्मार्कच्या नोवो कंपनीने बेकरीच्या यीस्टकडून इन्सुलिन करून घेतलं, आपल्याकडे बायोकॉन कंपनीने पिकिया या दुसऱ्या यीस्टकडून. सूर, म्हणजे माडाची ताडी, घालून सान्नां (इडलीसारखा पदार्थ) फुगवणाऱ्या गोव्याला यीस्ट काय नवीन नाही.

आमच्या लॅबमध्ये पोरं आजही बीएल२१च घेतात. फ्लास्क ३७ डिग्रीला शेकरवर, रस्सा गढूळ झाला, ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, ०.६ च्या आसपास आली की आयपीटीजी, म्हणजे जीन चालू करणारं रसायन, घालायचं, तीनेक तासांनी सेल फोडून सेंट्रिफ्यूज करायचं आणि जेल चालवायचं, त्यात प्रोटीनचे पट्टे म्हणजे बँड दिसतात. परवा एकीचा जाडजूड बँड सगळा तळाच्या गोळ्यात, म्हणजे प्रोटीन इन्क्लुजन बॉडीत अडकलेलं, वरच्या पाण्यात काहीच नाही, रडकुंडीला आली बिचारी. तिला म्हटलं, अगं बनलंय ना, मग गेलं कुठे, आता आयपीटीजी कमी घाल, १८ डिग्रीवर रात्रभर ठेव, सावकाश बनू दे त्याला, घडी नीट पडायला वेळ मिळेल, सकाळी परत जेल लावू.