फोन तापतो आणि आळ कव्हरवर येतो, पार्श्वभूमी

बटणवाल्या फोनच्या काळात तापण्याची तक्रार फारशी नव्हतीच. तासभर बोललं की कान गरम व्हायचा, तेवढंच. कव्हर म्हणजे पट्ट्याला अडकवायचा पारदर्शक पाऊच, तोही धूळ-पावसासाठी.

खरी कटकट २०१५ पासूनची. त्या वर्षी बरेचसे महागडे अँड्रॉइड ज्या प्रोसेसरवर चालत होते तोच तापतो म्हणून बदनाम झाला. मग २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोननी पेट घ्यायला सुरुवात केली, सप्टेंबरात फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, विमानात बंदी आली, शेवटी मॉडेलच बंद. जानेवारी २०१७ मध्ये कारण सांगितलं गेलं, दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष, एकीचा कोपरा दबून आतले इलेक्ट्रोड वाकत होते, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. कव्हरचा यात काडीचा संबंध नाही. पण योगायोग बघा, त्याच सप्टेंबरात आपल्याकडे फुकटचं ४जी आलं, फोन दिवसभर चालू राहायला लागले, गरमही व्हायला लागले, आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू यायला लागलं, ‘आधी ते कव्हर काढ, फुटेल.’

आता मुख्य भानगड. फोनात पंखा नसतो, बॉडी हाच त्याचा रेडिएटर. अॅल्युमिनियमची पाठ होती तेव्हा हाताला चटका बसायचा आणि आपण शिव्या द्यायचो, पण तो चटका म्हणजे आतली उष्णता बाहेर पडतेय याची पावती होती. २०१७ च्या आसपास वायरलेस चार्जिंगसाठी महागड्या फोनची पाठ काचेची झाली, कारण धातूतून ते चार्जिंग होत नाही. अॅल्युमिनियम काचेपेक्षा शंभर पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. शिवाय काच फुटते, पाठ बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो, म्हणून कव्हर घालणं भागच. म्हणजे रेडिएटर काचेचा कंपन्यांनी केला आणि त्याला स्वेटर घालायची वेळ आपल्यावर आणली. वर वायरलेस चार्जिंगमध्ये वीज वाया जाते ती उष्णता होऊन त्याच पाठीशी साठते. कव्हरवर चिडण्याआधी या निर्णयावर चिडायला हवं असं माझं मत.

कव्हर निर्दोष आहे असं नाही, पण गुन्हा छोटा. फोन गार व्हायला सगळ्यात मोठा अडथळा असतो तो भोवतीच्या हवेचा, कव्हर नसलं तरी तो असतोच. दीड मिलिमीटरचं घट्ट बसलेलं सिलिकॉन कव्हर त्यात ढोबळ हिशोबाने दहा टक्केसुद्धा भर घालत नाही. मधे हवेची फट राहिली तर मात्र जास्त, म्हणून ते जाडजूड दोन थरांचं कव्हर किंवा लेदरचं फ्लिप कव्हर खरं त्रासदायक. आणि कव्हरमुळे हाताला कमी गरम लागतं, आपल्याला वाटतं फोन थंडे. माझा मे महिन्यात काळ्या फ्लिप कव्हरमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर होता, मॅप चालू, चार्जिंग चालू, हाताला जेमतेम कोमट, आणि स्क्रीनवर ‘फोन थंड होऊ द्या’.

दुसरा घोळ ३५ अंशांचा. एक बडी कंपनी लिहिते की फोन ० ते ३५ अंशांत वापरा. लोक समजतात फोनचं तापमान ३५ च्या वर गेलं की संपलं, पण तो आकडा भोवतालच्या हवेचा आहे. मे महिन्यात ४५ पार जाणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या माणसाने काय करायचं हे तिथे लिहिलेलं नाही. तीच कंपनी म्हणते, चार्जिंग करताना फोन गरम झाला तर कव्हर काढा. हा सल्ला ठीकच आहे, चार्जिंगच्या वेळी बॅटरी स्वतः तापते आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

२०२३ च्या सप्टेंबरात परत तोच खेळ. नवा टायटॅनियमचा फोन तापायला लागला, सगळ्यांनी टायटॅनियमला धरलं, कंपनी म्हणाली सॉफ्टवेअरमधला बग आणि काही अॅप, मग ऑक्टोबरात अपडेट आला. २०२५ च्या मॉडेलात त्यांनी टायटॅनियम सोडून परत अॅल्युमिनियम घेतलं, आत उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर बसवला आणि सोबत नवी कव्हरंही विकायला ठेवली.